सात वाजताची हवा

१

सव्वानऊच्या सुमारास माझ्या लेकीची गाडी कोपरावर गरकन फिरली आणि पाठमोरी टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. कोपर म्हणजे गाड्या पळवायच्या आमच्या ट्रॅकवरचं चौथं वळण. हाताचं कोपर दुमडावं तसं ते एकदम आत वळतं, म्हणून क्लबातल्या हौशी मंडळींनी त्याला ते नाव पाडलं होतं. मी कठड्याला टेकून तिची वेळ मोजत होतो. आवाज ऐकला आणि हातातलं घड्याळ बंद करायचंही सुचलं नाही. ते दुपारपर्यंत खिशात तसंच चालू राहिलं.

लेक वाचली, पण उजवं मनगट मोडलं. ती घड्याळं दुरुस्त करते. तांदळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलायचे आणि श्वास रोखून जागेवर बसवायचे, हे तिचं रोजचं काम. दवाखान्यात हाडं बघणाऱ्या बाईंनी फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "हाड जुळेल. बारीक काम पूर्वीसारखं जमेल का, ते मात्र आत्ता नाही सांगता येणार."

"बाबा, माझंच चुकलं," लेक पडल्या पडल्या म्हणाली. "वळणाच्या मधोमध ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला मी. दातवाल्या डॉक्टरांची गाडी पुढे अचानक हळू झाली आणि मी घाबरले. मला लाज वाटतेय."

"पाय उचलल्याने गाडी अशी भिंगरीसारखी फिरत नाही," मी म्हणालो. "तू पड. मी बघतो."

मी तीस वर्षं विमा कंपनीसाठी आपटलेल्या गाड्या तपासल्या. कोण खरं बोलतो, कोण थापा मारतो, हे वाकलेल्या पत्र्यावरून ओळखायचं माझं काम. पाठीमागे लोक मला भिंगकाका म्हणतात आणि तोंडावर नुसतं काका. मला ते पाठीमागचं नाव फार आवडायचं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तिची गाडी साधीच, पाच दारांची, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी. अशा गाडीत पुढची दोन चाकं सगळी कामं करतात. ओढायचं त्यांनी, वळायचं त्यांनी, थांबायचंही बहुतेक त्यांनीच. मागची दोघं नुसती बोट धरून येतात. त्यामुळे जोरात वळवली की गाडीचं नाक बाहेर जातं आणि वळण हुकतं. यावर उपाय म्हणजे मागचा भाग जरा चपळ करायचा. मागे कलू न देणारा जाड दांडा टाकायचा, मागचं वजन काढायचं, आणि मागच्या चाकांत पुढच्यांपेक्षा किंचित जास्त हवा ठेवायची. सगळी करामत त्या 'किंचित'मध्ये आहे. जास्त झाली तर वळणात पाय उचलताच शेपूट मालकाला विचारत नाही.

तीन महिने आम्ही तेच करत होतो, लेक, मी आणि गाडी तयार करणारा मिस्त्री. पुढच्या चाकांत तीस पौंड हवा, मागच्यांत चौतीस, हे आकडे दहा वेळा चालवून ठरले होते.

आणि मागच्या चाकांची हवा त्या दिवशी सकाळी सातला मी स्वतः मोजली होती. मिस्त्री पुढची चाकं काढून ब्रेकचे पॅड बदलत बसला होता. मी आपलं मागे हवा मोजायचं गेज लावून बघितलं, तर दोन्ही चाकांत सव्वीस. ठरलं होतं चौतीस! निष्काळजीपणा, दुसरं काय. पण सकाळच्या प्रहरी कशाला बोला, म्हणून गुपचूप पायपंप मारला, दोन्ही चाकं चौतीसवर आणली आणि व्हॉल्व्हशेजारी पिवळ्या खडूने बरोबरची खूण केली. तपासून झालं की पिवळी खूण, ही माझी नोकरीपासूनची सवय.

म्हणजे सातला हवा बरोबर होती. तरी सव्वानऊला गाडी फिरली. मधल्या सव्वादोन तासांत काय झालं, एवढंच मला शोधायचं होतं.

२

दुपारी जावयाला लेकीजवळ बसवून मी ट्रॅकवर परतलो. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये ओढून आणली होती. मागचं दार आत दबलेलं, काच फुटलेली. दांडा घट्ट होता, नट घट्ट होते, ब्रेकचा पाइप शाबूत होता. मी गुडघ्यावर बसून मागच्या टायरांकडे बघितलं आणि बघतच राहिलो.

ट्रॅकवर जायच्या आधी मिस्त्री प्रत्येक टायरवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पांढऱ्या खडूची आडवी रेघ मारतो. गाडी फिरून आली की रेघ कुठे पुसली ते बघायचं. जिथे टायर रस्त्याला टेकला तिथे रेघ जाते, टेकला नाही तिथे राहते. हवा बरोबर असेल तर ती सबंध रुंदीभर सारखी झिजते. इथे पुढच्या टायरांवरची रेघ कडेपर्यंत गेली होती. मागच्या दोन्ही टायरांवर ती फक्त मधोमध पुसली होती, दोन्ही कडांना पांढरी फटक. याचा अर्थ एकच. मागची चाकं हवेने टम्म फुगली होती आणि पोटावर पळत होती.

"पण हवा तर बरोबर होती, काका," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले. गृहस्थ नेमके, पेन्सिललासुद्धा दोरी बांधून ठेवणारे. "अपघातानंतर मी लगेच मोजून वहीत लिहिली. नऊ चाळीस. मागे डावं चौतीस, मागे उजवं चौतीस."

मला हसू आलं. असं हसू नोकरीत दर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा यायचं.

"सेक्रेटरीसाहेब, थंड चाकात चौतीस भरली आणि तीन फेऱ्या ताणून मारल्या, तर चाक तापून हवा अडतीस-एकोणचाळीस दाखवते. गरम चाकात बरोब्बर चौतीस, तेही दोन्हीकडे? हे चाकाचं काम नाही. कुणीतरी बसून, मोजून हवा सोडली आहे."

त्यांनी वही उघडून आकडे पुन्हा बघितले.

"म्हणजे आधी कुणीतरी जास्त हवा भरली. आणि गाडी आपटल्यावर, तुम्ही मोजायच्या आत, कुणीतरी ती काढून आकडा सारखा केला."

मी व्हॉल्व्हशेजारी बोट फिरवलं. तिथे माझी पिवळी खूण असायला हवी होती. दोन्ही चाकांवरून ती कुणीतरी घासून पुसून टाकली होती.

३

पिटमधला कॉम्प्रेसर आठला सुरू झाला; तोवर मी गाडीजवळच होतो. आठ ते सव्वानऊ या वेळात गाडीजवळ तिघेच फिरकले होते: जावई, दातवाले आणि मिस्त्री.

जावई शाळेत भूगोल शिकवतो. स्वभावाने गरीब, पण बायकोच्या या छंदावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. आदल्या दिवशी जेवताना "उद्या गाडी सुरूच नाही झाली तर किती बरं," असं तो बोलला होता. आणि सेक्रेटरींनी त्याला साडेआठला कॉम्प्रेसरचा पाइप हातात घेऊन उभा असलेला बघितलं होतं. मी दवाखान्याच्या जिन्यात त्याला गाठलं.

"पाइप कशाला घेतला होतास?"

"खुर्च्यांवरची धूळ उडवत होतो, बाबा. तिची आणि माझी."

"खुर्च्यांना हवा आणि चाकांना हवा, पाइप एकच."

त्याचा चेहरा पडला. "बाबा, मी चाकाला हात लावला नाही. पण खोटं कशाला बोलू, ती हेल्मेट घालत होती तेव्हा माझ्या मनात आलं होतं, की एकदा हिला चांगली भीती बसू दे, म्हणजे हे वेड जाईल. आता तिच्या हाताकडे बघवत नाही मला." तो जिन्यातच खाली बसला. त्याच्या हाताला कॉम्प्रेसरच्या पाइपाचं काळं लागलेलं होतं, तेही त्याने अजून धुतलं नव्हतं. हवा भरणारा माणूस पुरावा असा मिरवत नाही, असं मी मनात टिपून घेतलं.

दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर. क्लबात सगळ्यांत चकचकीत गाडी त्यांची आणि फेरीची सगळ्यांत चांगली वेळही त्यांचीच. लेक त्यांच्या वेळेच्या अर्ध्या सेकंदावर येऊन ठेपली होती. त्यांच्याकडे आकडे दाखवणारं नवंकोरं गेज होतं, आणि ते शर्टाच्या खिशाला लावून फिरायचे. मला त्याचा भारी राग. माझं गेज पितळी, काट्याचं, निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्यांनी दिलेलं. गेल्या महिन्यात जिन्यात हातातून निसटून चार पायऱ्या घरंगळत गेलं, तरी उचलून बघतो तर काटा शून्यावर. हल्लीच्या वस्तूंत ही धमक नाही, असं मी त्या दिवशी घरात दोनदा ऐकवलं होतं.

"वळणात अचानक हळू का झालात?" पिटमध्ये परतल्यावर मी त्यांना थेट विचारलं.

दातवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "आरशात ती दिसत होती. पुढे जाईल असं वाटलं. म्हणून जरा... लवकर ब्रेक मारला. बेचाळीस वर्षांचा घोडा झालोय मी, आणि असं पोरकटासारखं वागलो. तिला तोंड कसं दाखवू?"

"आणि हवा?"

"हवेचं तर मी म्हणतोच आहे, काका. काल संध्याकाळी मी आणि मिस्त्री—"

"कालचं राहू द्या," मी हात वर केला. "आज सकाळी सातला हवा बरोबर होती. मी स्वतः मोजलीय. त्यानंतरचं बोला."

"त्यानंतर मी गाडीजवळ गेलो तो फक्त शुभेच्छा द्यायला."

साक्षीदाराचं वाक्य मध्ये तोडू नये, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. मी तो पन्नासेक पोरांना शिकवला असेन.

तेवढ्यात मिस्त्री पिटच्या दारातून आत आला. त्याने मला बघितलं आणि नजर खाली वळवली. खिशातून कपडा काढून तो हात पुसायला लागला. त्या कपड्याच्या टोकाला पिवळा खडू लागलेला होता.

४

मिस्त्रीला मी वीस वर्षं ओळखत होतो. तो उमेदवारी करत होता तेव्हा एका गाडीचे ब्रेक गेले आणि सगळ्यांनी खापर त्याच्या डोक्यावर फोडलं. मी तपासलं तर पाइप कारखान्यातूनच चिरलेला. तसा अहवाल मी लिहिला आणि तो सुटला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलताना हातातलं काम खाली ठेवतो. लेकीला ताई म्हणतो. तिची गाडी त्याने स्वतःच्या गाडीसारखी तयार केली होती. पण दातवाल्यांची गाडीही त्याच्याच हातची, हे त्या क्षणी मला आठवलं, आणि आठवायला नको होतं.

"कपडा दाखव," मी म्हणालो.

त्याने मुकाट्याने पुढे केला.

पिटमध्ये सेक्रेटरी होते, दातवाले होते, आणखी चार-सहा सभासद होते. मिस्त्रीचा मेहुणा, म्हणजे ज्याच्या गॅरेजात तो काम करतो तो मालक, नुकताच गाडी उचलून न्यायला आला होता. मला सगळे श्रोते मिळाले होते आणि मी तो प्रसंग वाया घालवला नाही. खडूची रेघ, गरम चाकातले चौतीस, पुसलेली खूण, सगळं पायरी पायरीने मांडलं. शेवटी वळून विचारलं, "गाडी आपटल्यावर मागच्या चाकांतली हवा तू काढलीस की नाही?"

"काढली, काका."

"आणि माझी खूण तू पुसलीस?"

"पुसली."

"मग जास्त हवा कुणी भरली होती?"

 मी वाट बघितली. तो माझ्याकडे बघायला लागला, आणि त्याच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी अपराध्याची शरम म्हणून वाचलं. पत्रा वाचणाऱ्याला डोळे वाचता आले नाहीत.

"दातवाल्यांची वेळ वर राहावी म्हणून केलंस का रे?" मी म्हणालो. "की नुसता हलगर्जीपणा? सकाळीसुद्धा दोन्ही चाकांत हवा कमीच ठेवली होतीस. तुझ्या ताईचं मनगट गेलं. वीस वर्षांपूर्वी तुझ्यासाठी ज्या हाताने तो अहवाल लिहिला, तो आज मला तोडून टाकावासा वाटतो."

 दातवाले काहीतरी म्हणायला पुढे झाले आणि थांबले. मिस्त्रीने पान्यांची पेटी उघडली, क्लबचे दोन पाने त्यात होते ते काढून सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवले आणि पेटी उचलली.

"उद्यापासून गॅरेजला येऊ नकोस," मेहुणा म्हणाला. "घरी तुझ्या बहिणीला काय सांगायचं ते मी बघतो."

मिस्त्री जाताना माझ्यापाशी थांबला. "ताईंना बरं वाटू दे," एवढंच म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी मी घरी पोटभर जेवलो. हे सांगायची खरं तर काहीच गरज नाही, पण नेमकं तेच मला सांगायचं आहे.

५

तिसऱ्या दिवशी माझी दाढ ठणकायला लागली. आमच्या भागात चांगला दंतवैद्य एकच. नाइलाजाने दातवाल्यांच्या खुर्चीत जाऊन आडवा झालो.

त्यांनी माझ्या तोंडात आरसा घातला, नळी घातली, कापूस कोंबला आणि मग अगदी शांतपणे बोलायला लागले. "काका, त्या दिवशी माझं वाक्य अर्धं राहिलं. मिस्त्रीसमोरही मला बोलायचं होतं, पण तुम्ही इतक्या खात्रीने बोलत होतात की मला वाटलं, यांना काहीतरी जास्त माहीत असणार. आदल्या संध्याकाळी सहा वाजता मी आणि मिस्त्रीने दोन्ही गाड्यांची हवा एकत्र भरली. माझ्या या गेजने. तुमच्या मुलीच्या मागच्या चाकांत आम्ही चौतीस ठेवली, दोन्हीकडे. मी स्वतः आकडा वाचला. मिस्त्रीने हवा कमी ठेवली होती असं तुम्ही म्हणालात, ते खरं नाही."

तोंड उघडं असल्यामुळे मला मध्ये बोलता आलं नाही. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मी समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकलं.

संध्याकाळी सहाला चौतीस. सकाळी सातला माझ्या गेजवर सव्वीस. रात्रीत आठ पौंड हवा गेली? जाऊ शकते. बारीक खिळा असला तर जाते. पण एका चाकातून जाते. एकाच रात्री दोन चाकं, दोन्ही नवी, दोन्हीतून बरोब्बर आठ-आठ पौंड, कमी नाही जास्त नाही? चाकं अशी ठरवून गळत नाहीत. दोन वस्तू एकाच मापाने चुकलेल्या दिसल्या तर वस्तू बघू नये, माप बघावं.

आणि माप माझ्या खिशात होतं.

चौतीस आधीच होती. त्यावर मी पायपंपाने आठ भरली. थंड चाकात बेचाळीस. तापून शेहेचाळीस-सत्तेचाळीस. मधोमध पुसलेली खडूची रेघ. आठ ते सव्वानऊ मी ज्या माणसाला शोधत होतो तो नव्हताच. जे व्हायचं ते सातलाच होऊन गेलं होतं, आणि ते करून वर मी खूण केली होती.

"दुखतंय का?" दातवाल्यांनी विचारलं, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मी मानेनेच हो म्हणालो.

६

गेज कुणाकडे तपासून घ्यावं हा प्रश्नच नव्हता. घरात काटे आणि चाकं समजणारी एकच व्यक्ती होती, आणि तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

लेक खिडकीजवळच्या तिच्या कामाच्या टेबलाशी बसली होती. समोर एक उघडं घड्याळ होतं आणि ती डाव्या हाताने चिमटा धरायची सवय करत होती. चिमटा निसटत होता. मी गेज तिच्यासमोर ठेवलं. "जरा बघ, बरोबर आहे का."

तिने भिंग डोळ्याला लावलं, गेजची कडा अंगठ्याने फिरवून काच काढली.  मग चिमट्याच्या टोकाने काटा हलकेच उचलला.

"बाबा, काटा त्याच्या दांडीवर घसरलाय. शून्याजवळ ही खिळी आहे ना, काटा खाली जाऊ नये म्हणून, तिला तो टेकून बसलाय. म्हणून शून्यावर दिसतो. खिळी नसती तर कुठल्या कुठे खाली गेला असता. हे सगळीकडे सात-आठ पौंड कमी दाखवणार." ती व्यावसायिक आवाजात बोलत होती, गिऱ्हाइकाशी बोलावं तशी. "कधी पडलं होतं?"

"गेल्या महिन्यात. जिन्यात."

"मग त्यानंतर कुणाची हवा..." ती थांबली. भिंग तिने डोळ्यावरून काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझी," मी म्हणालो. "त्या दिवशी सकाळी सातला. मिस्त्रीने बरोबर भरली होती. मी वर आणखी भरली. तू पाय उचललास म्हणून नाही झालं ते. माझ्यामुळे झालं."

मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. तिने चिमटा डबीत ठेवला, डबीचं झाकण डाव्या हाताने लावायला तिला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, आणि मी मदतीला हात पुढे केला तो तिने बाजूला सारला.

"मिस्त्रींना कुणी सांगितलं हे?"

"अजून नाही."

"त्यांना सगळ्यांसमोर बोललात ना तुम्ही? हे मला म्हणाले." हे म्हणजे जावई. "मग सगळ्यांसमोरच सांगा. आधी त्यांच्याकडे जा, बाबा. माझं आपण नंतर बघू."

काटा सरळ करून देऊ का, असं तिने विचारलं. मी नको म्हणालो.

७

रविवारी सकाळी गॅरेजात सगळ्यांना बोलावलं. सेक्रेटरी वही घेऊन आले, दातवाले आले, जावई लेकीला घेऊन आला. मेहुणा स्वतःच्याच गॅरेजात पाहुण्यासारखा उभा होता. मिस्त्रीला आणायला मी स्वतः गेलो होतो.  तो आत आला नाही, दारातच उभा राहिला.

मी तीस वर्षं अहवाल लिहिले, पण हा उभ्याने म्हणायचा होता. मी दातवाल्यांचं गेज एका चाकाला लावलं, चौतीस. त्याच चाकाला माझं लावलं, सव्वीस. मग पहिल्यापासून सांगितलं. सातला मी काय मोजलं, काय भरलं, कुठे खूण केली. साक्षीदाराचं वाक्य मी तोडलं. निर्दोष माणसाला मी चारचौघांत नको ते बोललो. सांगताना आवाज दोनदा गेला. कुणी पाणी पुढे केलं नाही, आणि ते योग्यच होतं.

"एकच गोष्ट मला कळलेली नाही," शेवटी मी मिस्त्रीकडे वळलो. "हवा तू का काढलीस? खूण का पुसलीस?"

तो दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत होता. "गाडी ओढून आणल्यावर मी गेज लावलं, काका. शेहेचाळीस दाखवलं. मी तर चौतीस भरली होती. मग व्हॉल्व्हजवळ तुमची खूण दिसली. तेव्हा कळलं. तुम्ही ताईंबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चढत होतात. तिचा हात हातात धरला होता तुम्ही. मला वाटलं, या माणसाला आत्ता हे कळलं तर हा पुन्हा तिच्याकडे कसा बघेल? मग सुचेल ते केलं. घाईत आकडाही तोच ठेवला, चौतीस. गरम चाकाचं भान राहिलं नाही."

"आणि मी बोललो तेव्हा? तेव्हा तरी सांगायचंस."

"तेव्हा सांगितलं असतं तर सगळ्यांना वाटलं असतं, सुटण्यासाठी म्हातारबाबांवर ढकलतोय." मग तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलला. "पण मी काही संत नाही, काका. चूक माझीही आहे. आठला मी मागच्या टायरांवर रेघा मारल्या, तेव्हाच तुमची पिवळी खूण दिसली होती. काकांनी बघितलंय म्हटल्यावर मी पुन्हा मोजलंच नाही. गाडी माझ्या हातची, मोजायला हवं होतं."

मला इतके दिवस वाटत होतं की त्या खुणेने लोक निर्धास्त होतात, हा माझा मान आहे.

मी हात जोडले. तो पटकन पुढे आला आणि माझे हात खाली केले. "असं नका करू," एवढंच म्हणाला. ठीक आहे म्हणाला नाही. मेहुण्याने घसा खाकरला आणि सोमवारी एक गाडी यायची आहे, लवकर ये, असं भिंतीकडे बघत सांगितलं. सेक्रेटरींनी वहीतली ओळ खोडली नाही. तिच्याखाली नवी ओळ लिहिली आणि माझ्याकडून सही घेतली.

लेकीचं प्लास्टर निघून आता चार महिने झाले. मोठी घड्याळं ती करते. मनगटी घड्याळाचा सेकंदकाटा मात्र अजून तिला बसवता येत नाही; ते काम आलं की ती ते दुसऱ्याकडे पाठवते, आणि तेव्हा मी खोलीत असलो तर बाहेर जातो. ती मला बाबाच म्हणते. पण जिन्यात माझ्या हातून काही पडलं, तर आतून विचारते, "काय पडलं?"

काल पुन्हा ट्रॅकचा दिवस होता. गाडीला नवं मागचं दार बसलं होतं. मी जाणार नव्हतो, मिस्त्रीनेच निरोप पाठवला. सात वाजता त्याने मागच्या चाकाजवळ मला बोलावलं आणि स्वतःचं गेज माझ्या हातात दिलं. "मोजा."

मी मोजलं. "चौतीस."

त्याने गेज माझ्या हातून घेतलं आणि माझ्यादेखत तेच चाक पुन्हा मोजलं. पलीकडचंही मोजलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी वाकून, त्याला आकडा नीट दिसावा म्हणून, टॉर्च धरून उभा राहिलो.

"चौतीसच आहे, काका," तो म्हणाला.

मी खिशातून पिवळा खडू काढला आणि त्याच्यापुढे धरला. खूण त्याने केली.